आधी अटॅचमेंटची कसोटी, मग टूलकिट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भरती, प्रवेश किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख जवळ आली की ‘कागदपत्र अपलोड होत नाही’ ही तक्रार ठरलेली असते. ‘सर्व्हर डाउन आहे’ एवढ्यावर विषय मिटवला जातो. पण पुष्कळ वेळा या बिघाडाचे मूळ काही महिने मागे, दोन यंत्रणांना जोडणारे वेबसेवेचे टूलकिट, म्हणजे तयार कोडचा संच, निवडले गेले त्या दिवशी असते. निविदेत एक ओळ असते: ‘कागदपत्रे जोडण्याची सोय असावी.’ सोय सगळीच टूलकिट देतात. ती सोय फाइल कशी हाताळते हे कोणी विचारत नाही. नगरपालिका, सहकारी बँका, विद्यापीठे यांच्या निविदा लिहिणारे अधिकारी आणि ती कामे घेणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या, दोघांसाठी हे पत्र आहे.

आधी हिशेब मांडू. एक्सएमएल किंवा जेसन या मजकुराच्या संदेशात फाइल घालायची तर तिचे बेस-६४ रूपांतर, म्हणजे बाइटांची साधी अक्षरे, करावे लागते. त्यात दर ३ बाइटची ४ अक्षरे होतात, म्हणजे आकार एक तृतीयांशाने वाढतो. २० एमबीची फाइल तारेवर, म्हणजे नेटवर्कवरून जाताना, २६.७ एमबी होते. इथवर फारसे बिघडत नाही. खरा फटका सर्व्हरच्या मेमरीत बसतो. जावा ८ किंवा त्याआधीच्या आवृत्तीत स्ट्रिंगमधल्या प्रत्येक अक्षराला २ बाइट लागतात, म्हणून तोच मजकूर स्ट्रिंग झाला की ५३.३ एमबी जागा घेतो. त्यात आलेल्या संदेशाचा मूळ बफर २६.७ एमबी आणि रूपांतर उलटवून मिळालेली फाइल २० एमबी धरा. बेरीज बरोबर १०० एमबी, आणि तीही एका अर्जाची. एका वेळी ३० जणांनी बटण दाबले की ३ जीबी. सर्व्हरला २ जीबी मेमरी दिली असेल, तर ज्यांनी फाइल जोडलेलीच नाही त्यांचेही अर्ज अडकतात. जावा ९ पासून साध्या लॅटिन अक्षरांना १ बाइट पुरतो, त्यामुळे आकडा खाली येतो. दुखणे मात्र तेच राहते.

म्हणून टूलकिटला विचारायचा पहिला प्रश्न असा: फाइल अखंड मेमरीत घेता, की येईल तशी तुकड्यातुकड्याने डिस्कवर उतरवता? दुसऱ्या रीतीला स्ट्रीमिंग म्हणतात. बाकी सगळे प्रश्न यानंतरचे.

बेस-६४ मुळातच वाईट असे आम्ही म्हणत नाही. डिजिलॉकरला प्रमाणपत्र पुरवणाऱ्या संस्थांच्या जोडणीत पीडीएफ एक्सएमएलच्या आत बेस-६४ करूनच जाते. एकदोन पानांच्या प्रमाणपत्रासाठी ते योग्यच आहे, कारण एकच संदेश, एकच तपासणी आणि कोणत्याही भाषेत चार ओळींत काम. काहीशे केबीपर्यंत हा मार्ग निर्धास्त वापरावा. नकाशे, एक्स-रे, शंभर पानी स्कॅन केलेले खरेदीखत आले की हिशेब बदलतो.

सोप, म्हणजे एक्सएमएल संदेशांची वेबसेवेची पद्धत, वापरायचे तर फाइल संदेशाबाहेर ठेवण्याच्या तीन रीती आजवर झाल्या. २००० च्या डिसेंबरात ‘सोप विथ अटॅचमेंट्स’ आले. त्यात एक्सएमएल हा पहिला भाग आणि फाइल पुढच्या मूळ बाइटांच्या भागात, ईमेलला फाइल जोडतो तसे. मग मायक्रोसॉफ्टने डाइम पुढे आणले. ते आता मागे पडले आहे, नव्या कामात घेऊ नये. २००५ च्या जानेवारीत वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने एमटॉम आणि त्याच्या पोटातले एक्सओपी ही शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. एमटॉममध्ये संदेशाच्या दृष्टीने फाइल आतच असते, पण तारेवर ती वेगळ्या भागात कच्च्या बाइटांच्या रूपात जाते आणि एक्सएमएलमध्ये तिच्या जागी फक्त निर्देश उरतो.

यांपैकी काय घ्यायचे हे आपल्या आवडीवर नसते, समोरची यंत्रणा काय बोलते त्यावर असते. रुग्णालयांमधल्या कागदपत्र-देवाणघेवाणीसाठी आयएचई या आरोग्यक्षेत्रातल्या संस्थेने ठरवलेल्या एक्सडीएस-बीमध्ये कागदपत्र जमा करताना एमटॉम लागते. युरोपात पेपॉल या ई-बिलांच्या जाळ्यात बिलांची वाहतूक करणारा एएस४ हा प्रोटोकॉल मात्र ‘सोप विथ अटॅचमेंट्स’वर उभा आहे. पुण्या-मुंबईत बसून युरोपच्या ग्राहकाचे काम करणाऱ्यांनी हा फरक पहिल्याच दिवशी पाहावा. ‘अटॅचमेंट चालतात’ एवढ्या वाक्यावर टूलकिट घेतले आणि ते फक्त एमटॉम बोलणारे निघाले, तर पुढचे काम दुरुस्तीचे नसते, नव्याने लिहिण्याचे असते.

आता टूलकिटांकडे वळू. जावात अपाची ॲक्सिसची पहिली पिढी २००६ च्या १.४ आवृत्तीनंतर थांबली. ती मुख्यतः ‘सोप विथ अटॅचमेंट्स’ आणि डाइम बोलते. जुन्या यंत्रणांत ती अजून धावताना दिसते. नव्या कामात तिला थारा देऊ नये. ॲक्सिस २ मध्ये एमटॉम आहे आणि ठरावीक आकारापुढची अटॅचमेंट डिस्कवर उतरवण्याची सोयही आहे, पण ती कॉन्फिगरेशनमध्ये सुरू करावी लागते: सोय चालू, फोल्डर कोणते आणि किती बाइटपुढे, अशा तीन नोंदी. नव्या जावा कामासाठी आमची पसंती अपाची सीएक्सएफला आहे. त्यात १०० केबीपुढची अटॅचमेंट आपोआप तात्पुरत्या फाइलमध्ये जाते आणि कमाल आकाराची मर्यादाही घालता येते. मेट्रो हे जावाचे दुसरे सोप टूलकिटही चांगले आहे.

आवृत्ती निवडताना दोन तारखा ध्यानात ठेवा. सोपचे जे भाग जावासोबत फुकट मिळत होते ते २०१८ च्या जावा ११ मधून काढून टाकले, त्यामुळे जावा ८ वरचा चालता प्रकल्प नुसता उचलून ठेवला तर क्लास सापडत नाही म्हणून पडतो. आणि २०२० मध्ये जकार्ता ईई ९ आले तेव्हा पॅकेजांच्या नावातले ‘जावॅक्स’ जाऊन ‘जकार्ता’ आले. सीएक्सएफ ३ जुन्या नावाचे, सीएक्सएफ ४ नव्या नावाचे. स्प्रिंग बूट ३ ही जावाची चौकट घेतली असेल तर सीएक्सएफ ४ च लागते. दोन्ही नावांच्या लायब्ररी एका प्रकल्पात मिसळल्या की फाइलसाठी वापरायचा डेटाहँडलर नावाचा क्लास दोन जागांहून येतो, आणि ‘हा तो प्रकार नव्हे’ अशी त्रुटी मिळते. ती वाचून पुष्कळ जण भलतीकडे शोध घेत बसतात.

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधल्या डब्ल्यूसीएफ या वेबसेवांच्या चौकटीत येणाऱ्या संदेशाची मूळ मर्यादा ६५,५३६ बाइट आणि ॲरेच्या लांबीची १६,३८४ आहे. त्यामुळे कोणतीही खरीखुरी फाइल पहिल्याच चाचणीत नाकारली जाते. मग कोणीतरी दोन्ही जागी शक्य तेवढा मोठा आकडा टाकतो आणि सर्व्हर उघडा पडतो. योग्य रीत वेगळी आहे. एमटॉम एन्कोडिंग आणि स्ट्रीम केलेली वाहतूक दोन्ही चालू करायची, आणि मर्यादा आपल्या खऱ्या गरजेइतकीच ठेवायची. स्ट्रीमिंगमध्ये संदेशाच्या गाभ्यात एकच स्ट्रीम चालतो. म्हणून फाइलचे नाव, अर्ज क्रमांक वगैरे माहिती संदेशाच्या हेडरमध्ये न्यावी लागते. हे आधी माहीत नसेल तर कराराचा आराखडाच बदलावा लागतो. डब्ल्यूसीएफचा सर्व्हर नव्या डॉटनेटवर मायक्रोसॉफ्टने आणला नाही. त्या जागी कोअरडब्ल्यूसीएफ हा समुदायाचा प्रकल्प २०२२ मध्ये १.० ला पोहोचला. तिकडे जाणाऱ्यांनी स्वतःचा बाइंडिंग (जोडणीच्या सेटिंगचा संच), एमटॉम आणि स्ट्रीमिंग धरून, आधी छोट्या प्रयोगात चालवून पाहावा.

सी आणि सी++ साठी जीसोप आहे. तिला एमटॉमचे स्ट्रीमिंग येते, म्हणून कमी मेमरीच्या उपकरणांसाठी ती उपयोगी. पीएचपीच्या अंगच्या सोप क्लायंटला एमटॉमचे अनेकभागी उत्तर समजत नाही. ते हाताने फोडणारा कोड लोक लिहितात, आणि समोरच्याने भाग वेगळे करणाऱ्या सीमारेषेचे अवतरण चिन्ह बदलले की तो मोडतो. पायथनची झीप ही सोपची लायब्ररी उत्तरात आलेल्या अटॅचमेंट वाचते. मोठ्या फाइल पाठवायच्या असतील तर तिच्या भरवशावर आराखडा आखू नये.

एमटॉम ‘चालू केले’ म्हणजे चालू झाले असे नव्हे, हे मुद्दाम सांगायला हवे. खात्री करण्याचा एकच मार्ग आहे, तारेवरचा कच्चा संदेश पकडून वाचणे. कंटेंट-टाइप ‘मल्टिपार्ट/रिलेटेड’ दिसला पाहिजे, त्यात एक्सओपीचा उल्लेख पाहिजे आणि फाइलच्या जागी ‘इन्क्लूड’ हा निर्देश पाहिजे. ‘टेक्स्ट/एक्सएमएल’ आणि खाली अक्षरांची न संपणारी रांग दिसली तर एमटॉम बंद आहे, दोन्ही टोकांचे अभियंते काहीही सांगोत. तारेवर एमटॉम ठीक असूनही मेमरी फुगत असेल, तर स्कीमा, म्हणजे संदेशाच्या रचनेचे वर्णन, पाहा. त्या घटकावर ‘अपेक्षित कंटेंट-टाइप’ नोंदवलेला नसला की टूलकिट बाइटांचा ॲरे तयार करते, आणि ॲरे म्हणजे अख्खी फाइल मेमरीत. ती नोंद घातली की डेटाहँडलर मिळतो आणि त्यातून स्ट्रीम वाचता येतो. एका शब्दाची ही नोंद किती प्रकल्प वाचवील!

स्ट्रीमिंगचे आणखी तीन वैरी आहेत. पहिला, संदेशाची नोंद ठेवणारा लॉगिंगचा कोड: तो मध्ये बसला की संदेश पूर्ण वाचून मगच पुढे सोडतो. चाचणीच्या काळात चालू केलेले लॉगिंग प्रत्यक्ष वापरात तसेच राहते आणि सगळी मेहनत वाया जाते. दुसरा, डिजिटल स्वाक्षरी. डब्ल्यूएस-सिक्युरिटी या सोपच्या सुरक्षा-मानकाने फाइलवर स्वाक्षरी करायची तर ती पुन्हा बेस-६४ करून संदेशात आणल्यासारखी मोजावी लागते, आणि मोठ्या फाइलसाठी एमटॉमचा फायदा तिथेच संपतो. वाहतुकीला टीएलएस हे एन्क्रिप्शन ठेवावे, फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलवरून काढलेला छोटा ठसा) संदेशात घालावा आणि स्वाक्षरी त्या छोट्या संदेशावर घ्यावी. हॅश स्वाक्षरीखाली आला की फाइलही त्याच खात्रीखाली येते. तिसरा वैरी म्हणजे तात्पुरत्या फाइलींचे फोल्डर. सीएक्सएफच्या तात्पुरत्या फाइलींची नावे ‘सी-ओ-एस’ या तीन अक्षरांनी सुरू होतात. त्या साचत असतील तर आपल्या कोडमध्ये स्ट्रीम बंद करायचा राहिला आहे. आणि काही लिनक्समध्ये, कंटेनरमध्येही, तात्पुरते फोल्डर मेमरीतच मांडलेले असते. तसे असले तर डिस्कवर उतरवलेली म्हणून समजलेली फाइल मेमरीच खात असते. त्यासाठी खऱ्या डिस्कवरचे वेगळे फोल्डर द्यावे.

समोरच्याची सोपची अट नसेल तर साधी रेस्ट सेवा (नेहमीच्या वेब विनंत्यांवर चालणारी) घ्यावी, पण जेसनमध्ये बेस-६४ कोंबू नये. तो जुनाच रोग नव्या कपड्यांत येतो. फाइल ‘मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा’ने घ्यावी किंवा आणखी चांगले म्हणजे दोन टप्प्यांत. पहिल्या विनंतीत फक्त माहिती, उत्तरात थोडा वेळ चालणारा सहीबंद पत्ता, आणि फाइल थेट साठवणुकीत. ॲमेझॉनच्या एस३ मध्ये एका वेळी ५ जीबीपर्यंत अशी फाइल देता येते. तुकड्यांनी द्यायची तर शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा किमान ५ एमबी आणि तुकडे जास्तीत जास्त १०,०००. घाटात, गावाकडे मोबाइलवर अर्ज भरणाऱ्याचे नेटवर्क मध्येच जाते; तुकड्यांनी पाठवले तर गेलेला तुकडाच पुन्हा पाठवावा लागतो. स्वतःच्या सर्व्हरवर हेच करायचे तर टस नावाचा खुला प्रोटोकॉल आहे. दर अर्जाला एक क्रमांक मोबाइलवरच तयार करून पाठवावा, म्हणजे पुन्हा प्रयत्न केल्यावर एकाचे दोन अर्ज होत नाहीत.

मर्यादांचा घोळ रेस्टमध्ये सर्वांत जास्त होतो, कारण वाटेत प्रत्येकाची चौकी निराळी असते. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये मूळ मर्यादा १ एमबी. स्प्रिंग बूटमध्ये एका फाइलला १ एमबी आणि पूर्ण विनंतीला १० एमबी. पीएचपीत फाइलला २ एमबी, विनंतीला ८ एमबी. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस वेब सर्व्हरमध्ये ३ कोटी बाइट, म्हणजे साधारण २८.६ एमबी. ॲमेझॉनच्या एपीआय गेटवेत १० एमबी. त्याच्यामागे लॅम्डा (ॲमेझॉनची कोड चालवणारी सेवा) असेल तर ६ एमबी, आणि तिथे फाइल बेस-६४ होऊनच येत असल्याने प्रत्यक्षात जेमतेम ४.५ एमबी. ही साखळी बाहेरून आत, एकेक पायरी कागदावर लिहून काढावी. पानावर ‘कमाल ५ एमबी’ लिहिले असेल तर प्रत्येक चौकीवर त्याहून थोडी जास्त मर्यादा हवी, कारण विनंतीत फाइलखेरीज हेडर आणि इतर रकानेही असतात. नेमका नकार आपल्याच कोडने आणि मराठीत द्यावा. एनजिनएक्सने परस्पर दिलेला ४१३ हा त्रुटी-क्रमांक अर्जदाराला काहीच सांगत नाही.

फाइलच्या नावाकडे आपण मराठी लोकांनी जास्त लक्ष द्यायला हवे, कारण परदेशात बनलेल्या टूलकिटच्या चाचण्यांत देवनागरी नाव क्वचितच असते. ‘सातबारा उतारा’ या नावात देवनागरीची १२ चिन्हे आहेत. यूटीएफ-८ मध्ये त्यांचे ३६ बाइट होतात. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टीममध्ये नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीची फक्त ८५ चिन्हे, आणि काने, मात्रा, वेलांट्या त्यात वेगळ्या मोजल्या जातात. जुनी टूलकिट नाव लॅटिन-१ समजून वाचतात. मग दर तीन चिन्हांनी डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ‘ए’ दिसतो. तसे दिसले तर बाइट शाबूत आहेत, वाचन सुधारता येते. प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर मात्र मूळ नाव गेलेच.

याहून अवघड आहे आपला ‘ऱ’. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातला ‘ऱ्या’ तीन तऱ्हांनी टाइप होतो: ‘ऱ’चे स्वतंत्र चिन्ह, ‘र’खाली नुक्ता, किंवा ‘र’ला हलंत देऊन मग न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही एकसारखे, बाइट निराळे. जुन्या मॅकची फाइल सिस्टीम स्वतंत्र चिन्ह मोडून नुक्त्याचे करत असे. सर्व्हर नावे बाइटाला बाइट लावून जुळवतो आणि ‘अशी फाइल नाही’ म्हणतो. युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण केले की पहिली दोन रूपे एक होतात, तिसरे तरीही वेगळेच राहते. यावर एकच खात्रीचा उपाय आहे. अर्जदाराने दिलेले नाव साठवणुकीसाठी वापरूच नये. फाइल स्वतःच्या क्रमांकाने ठेवावी, मूळ नाव डेटाबेसमध्ये फक्त दाखवण्यापुरते असावे. वरच्या फोल्डरात शिरण्यासाठी नावात टिंबे आणि तिरक्या रेघा घालणाऱ्यांचा बंदोबस्तही त्यातच होतो.

सुरक्षेच्या दोन गोष्टी तातडीच्या. सीएक्सएफमधल्या सीव्हीई-२०२२-४६३६४ (सीव्हीई म्हणजे जाहीर सुरक्षा-दोषाचा क्रमांक) या दोषात एमटॉमच्या ‘इन्क्लूड’ निर्देशात बाहेरचा पत्ता घालून सर्व्हरलाच तिकडे विनंती करायला लावता येत होते. ३.५.५ आणि ३.४.१० मध्ये तो दुरुस्त झाला. त्याआधीची आवृत्ती चालू असेल तर आजच बदला. दुसरा दोष कॉमन्स फाइलअपलोड या जावाच्या लायब्ररीतला, सीव्हीई-२०२३-२४९९८. एका विनंतीत किती भाग असावेत यावर बंधनच नसल्याने लाखो रिकामे भाग पाठवून सर्व्हर अडवता येत होता. १.५ मध्ये बंधनाची सोय आली, पण ती आपोआप लागू होत नाही, आकडा स्वतः द्यावा लागतो. फाइलचा प्रकार तिच्या आडनावावरून (नावाच्या शेवटच्या टिंबानंतरच्या अक्षरांवरून) ठरवू नका, पहिले बाइट वाचा. वर्डची नवी फाइल मुळात झिप असते, तेव्हा उघडल्यावर प्रचंड फुगणाऱ्या झिपचा धोका तिलाही आहे.

निविदेत घालण्याजोगी स्वीकृती चाचणी अशी ठेवता येईल. चाचणीपुरत्या मर्यादा वाढवून सेवेला फक्त २५६ एमबी मेमरी द्यावी आणि ५०० एमबीची फाइल पाठवावी. फाइल पोहोचली आणि मेमरीची रेघ सपाट राहिली तर स्ट्रीमिंग आहे. मग ठरवलेल्या मर्यादा परत लावून शून्य बाइटची फाइल, बरोबर मर्यादेइतकी आणि मर्यादेहून एका बाइटने मोठी. अर्ध्यात नेटवर्क तोडून तात्पुरते फोल्डर १५ मिनिटांनी रिकामे झाले का ते पाहावे. तिन्ही तऱ्हांचा ‘ऱ’ असलेल्या तीन फाइल पाठवून तिन्ही परत डाउनलोड कराव्यात. व्हायरस तपासणीसाठी ६८ बाइटची निरुपद्रवी आयकार फाइल द्यावी. ती अडली नाही तर तपासणी जोडलेलीच नाही. दर वेळी पाठवलेल्या आणि मिळालेल्या फाइलचा एसएचए-२५६ जुळवावा. दोन यंत्रे आणि एक अभियंता असला की हे सगळे एका दिवसात होते. टूलकिटचा करार सही होण्याआधी तो दिवस मागून घ्यावा. पुरवठादार नमुना सेवा उभी करून द्यायला तयार नसेल तर त्याच्या टूलकिटचा विचार पुढे नेऊ नये.

आपले नम्र,
वेबसेवांच्या जोडणीचे काम करणारे दोन वाचक, पुणे